भावंडांनी घरी एकत्र चित्रपट पाहणे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या घरी थोरली मुलगी तेरा वर्षांची आणि धाकटा मुलगा आठ वर्षांचा आहे. गेली तीन वर्षे दर शनिवारी रात्री ती दोघे एकत्र बसून एक चित्रपट पाहतात. नातेवाईक, शेजारी आणि मुलांच्या मित्रमैत्रिणींचे पालक या शनिवारांबद्दल अनेक गोष्टी विचारतात, आणि त्यांतील पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न येथे उत्तरांसह मांडले आहेत.

चित्रपट कोणी निवडायचा?

हा प्रश्न सर्वांत आधी येतो आणि भांडणेही येथेच होतात, म्हणून याचे उत्तर सविस्तर देतो. नुसती पाळी लावली की पहिले दोन-तीन आठवडे बरे जातात. पुढे मात्र ज्याची पाळी नसते तो मनाने बाहेरच राहतो, आणि पाळी असलेला कधीकधी समोरच्याला न आवडणारा चित्रपट मुद्दाम लावतो. आपल्याकडे वाटणीची एक जुनी रीत आहे: थोरल्याने वाटे करावेत आणि धाकट्याने आधी उचलावा. आपला वाटा दुसऱ्याने उचलल्यानंतर उरणार आहे हे ठाऊक असल्यामुळे वाटे करणारा ते सारखेच करतो. आम्ही हीच रीत चित्रपटांना लावली. एका शनिवारी मुलगी तीन नावे काढते आणि मुलगा त्यांतील एक उचलतो. पुढच्या शनिवारी नावे तो काढतो आणि निवड ती करते. ज्याला नावे काढायची असतात त्याला त्या तिन्हींपैकी कोणताही चित्रपट स्वतःला आणि समोरच्यालाही चालेल असा विचार करावा लागतो, आणि भावाला किंवा बहिणीला काय आवडते याचा विचार आठवड्याच्या मधल्या दिवसांतच सुरू होतो.

निवड झाली की ती वहीत लिहायची. ही वही आमच्याकडे टीव्हीखालच्या कप्प्यात असते आणि तिच्यात तारीख, नाव आणि कोणी उचलले एवढेच असते. पहिल्या पानावर मुलाच्या नावाच्या जागी अक्षरांऐवजी शिसपेन्सिलीने काढलेला एक मासा आहे, कारण तेव्हा तो पाच वर्षांचा होता आणि त्याला नाव लिहिता येत नव्हते. वही असल्यामुळे ‘मागच्या वेळी तुझेच झाले होते’ हा वाद निर्माणच होत नाही. तोंडी हिशेब दोघांच्याही लक्षात वेगवेगळा राहतो.

याखेरीज प्रत्येकाला महिन्यातून एक ‘नको’ दिलेला आहे. तो कोणत्याही चित्रपटाला वापरता येतो आणि त्याचे कारण विचारायचे नाही. मुलगा तो बहुधा भीतीपोटी वापरतो आणि तसे बोलून दाखवणे त्याला जड जाते, म्हणून कारण न विचारण्याचा नियम मला फार महत्त्वाचा वाटतो.

तिघे किंवा चौघे असतील तर बहुमताने ठरवावे का?

बहुमत टाळावे. तिघांत दोघांची आवड जुळली की तिसरे मूल दर वेळी हरते, आणि ते बहुधा सर्वांत धाकटे किंवा वेगळ्या आवडीचे असते. तिघांतही वरचीच रीत चालते: एकाने चार नावे काढावीत, दुसऱ्याने त्यांतील दोन बाजूला काढावीत आणि तिसऱ्याने उरलेल्या दोनांतून एक उचलावे. पुढच्या आठवड्यात प्रत्येकाचे काम एक घर पुढे सरकते. सुट्टीत चुलत, आते आणि मामेभावंडे जमून आठ-दहा मुले झाली, तर मात्र चिठ्ठ्या टाकण्याला पर्याय नाही, आणि चिठ्ठी घरातल्या सर्वांत लहान मुलाने उचलावी.

निवडण्यातच तासभर जातो. काय करावे?

टीव्ही सुरू करण्याच्या आधी निवड संपवावी. पडद्यावर नावे सरकवत बसले की प्रत्येक चित्राबरोबर आपोआप सुरू होणारे ट्रेलर मुलांचे मन खेचतात, आणि आधी ठरवलेले विसरून ती समोर दिसणाऱ्यावर भांडू लागतात. आमच्याकडे नावे शनिवारी दुपारी जेवणानंतर कागदावर लिहिली जातात. तो चित्रपट आपल्याकडे असलेल्या सेवेवर आहे का, त्याची लांबी किती आणि प्रमाणपत्र कोणते, हे मी तेव्हाच पाहून घेतो. रात्री साडेसातला थेट चित्रपटच सुरू होतो.

ज्यांचे बालपण 1980 च्या दशकात गेले, त्यांना निवडीचा हा प्रश्न आलाच नाही. मुंबई दूरदर्शन केंद्र 2 ऑक्टोबर 1972 रोजी सुरू झाले. पुढे शनिवारी संध्याकाळी मराठी आणि रविवारी संध्याकाळी हिंदी चित्रपट हे घराघरातले वेळापत्रक होऊन बसले. जे लागेल ते सगळ्यांनी मिळून पाहायचे, आणि ज्यांच्याकडे टीव्ही असेल त्यांच्या बाहेरच्या खोलीत शेजारच्या मुलांनीही चटईवर बसायचे. आज नावे शेकडो आहेत, म्हणून ती तीनवर आणण्याचे काम घरातल्यांनाच करावे लागते.

भावंडांच्या वयात पाच-सहा वर्षांचे अंतर आहे. दोघांना एकच चित्रपट कसा चालेल?

एकत्र पाहण्याचा चित्रपट नेहमी धाकट्याच्या वयाचा असावा. हे ऐकून थोरल्या मुलांचे पालक नाराज होतात, कारण तेरा वर्षांच्या मुलीने किती दिवस लहान मुलांचे चित्रपट पाहायचे, असे त्यांना वाटते. त्यावर दोन गोष्टी कराव्यात. पहिली म्हणजे थोरल्या मुलासाठी वेगळी संध्याकाळ राखून ठेवावी: महिन्यातून एकदा धाकटा झोपल्यावर मुलगी आमच्याबरोबर तिच्या वयाचा चित्रपट पाहते, आणि तो हक्क फक्त तिचा असतो. ही संध्याकाळ सुरू झाल्यापासून शनिवारबद्दलची तिची कुरकुर जवळजवळ थांबली. दुसरी गोष्ट अशी की मुलांसाठी केलेला उत्तम चित्रपट मोठ्यांनाही पुरून उरतो, त्यामुळे धाकट्याचे वय हे निवडीचे बंधन ठरले तरी दर्जा खाली आणण्याचे कारण नसते.

प्रमाणपत्रावर कितपत विसंबावे?

सुरुवात तेथून करावी, पण तेवढ्यावर थांबू नये. आपल्याकडे चित्रपटगृहात दाखवल्या जाणाऱ्या चित्रपटांना 1952 च्या सिनेमॅटोग्राफ कायद्यानुसार प्रमाणपत्र मिळते. ‘यू’ म्हणजे सर्वांसाठी आणि ‘ए’ म्हणजे केवळ प्रौढांसाठी. मधला ‘यूए’ हा प्रकार 1983 मध्ये आला आणि त्यात बारा वर्षांखालील मुलांसाठी पालकांचे मार्गदर्शन अपेक्षित होते. त्या एकाच खुणेखाली फार वेगवेगळे चित्रपट येत असल्यामुळे 2023 च्या दुरुस्तीने तिचे 7, 13 आणि 16 या वयांनुसार तीन भाग केले. ओटीटी, म्हणजे इंटरनेटवरून चित्रपट दाखवणाऱ्या सेवांवर अशीच विभागणी 2021 च्या नियमांनी आधीच आणली होती, आणि 13 वर्षांवरील गटाच्या आशयाला पालकांचे कुलूप लावण्याची सोय देणे त्या सेवांना बंधनकारक केले होते.

व्यवहारात याचा अर्थ असा की जुन्या चित्रपटावर नुसता ‘यूए’ दिसला, तर तो सात वर्षांच्या मुलाला चालेल की पंधरा वर्षांच्या, हे त्यावरून कळत नाही. अशा वेळी पालकांनी तो आधी पाहावा किंवा निदान पुढे सरकवत चाळावा. ‘यू’ असलेल्या चित्रपटातही आईवडिलांचा मृत्यू, ताटातूट किंवा मूल हरवणे असू शकते, आणि पाच-सहा वर्षांच्या मुलाला मारामारीपेक्षा याचीच भीती अधिक वाटते.

ओटीटीवर दोघांसाठी एक सामाईक प्रोफाइल करून त्याला सात वर्षांची मर्यादा लावावी. एकाच्या प्रोफाइलवर पाहत राहिल्यास पुढच्या सूचनाही त्याच्याच आवडीच्या येत राहतात आणि दुसऱ्याची आवड हळूहळू दिसेनाशी होते.

चित्रपट पाहताना धाकटे मूल घाबरले, तर थांबवावे का?

मूल ‘बंद करा’ म्हणाले, तर लगेच बंद करावे. अडचण अशी की बरीच मुले तसे म्हणत नाहीत. आमच्याकडे पहिल्याच वर्षी असा प्रसंग आला. प्राण्यांचा एक साधा ॲनिमेशनपट होता, त्याला ‘यू’ प्रमाणपत्र होते आणि मी निर्धास्तपणे स्वयंपाकघरात होतो. पिल्लू आईपासून दुरावते त्या प्रसंगी मुलगा काहीच बोलला नाही. डोळे पडद्यावर होते, हातातली भडंगाची वाटी तशीच होती. मुलीला मात्र कळले, कारण दोघे एकाच गोधडीत पाय घालून बसले होते आणि त्याच्या पायाची बोटे तिच्या घोट्याला गच्च आवळली गेली होती. तिने चित्र थांबवले, दिवा लावला आणि मला हाक न मारता त्याला सांगितले, “त्याची आई शेवटी भेटते. मी आधी पाहिलाय.” त्याने एवढेच विचारले, “नक्की?” मग त्यानेच पुढे लावायला सांगितले.

त्या दिवसापासून आमच्या घरात लहान मुलाला शेवट सांगण्याची मुभा आहे. मोठ्यांना शेवट आधी कळला की रस जातो, असे आपण मानतो. लहान मुलाला मात्र पुढे काय होणार हे माहीत नसल्याचीच धास्ती असते, आणि ती गेली की ते मधला सगळा प्रवास मोकळेपणाने पाहू शकते. शक्य असेल तर भीतीच्या प्रसंगावरच कायमचे थांबू नये. आई भेटते तेथपर्यंत गेल्यास मूल शांतपणे झोपते, कारण अर्धवट राहिलेले दृश्य रात्री डोळ्यांसमोर येते. आणि हो, चूक माझी होती. त्या वयाच्या मुलाचा चित्रपट आधी पाहून ठेवायला हवा होता.

थोरल्याला कंटाळा येतो आणि तो फोन काढून बसतो.

शनिवारच्या दोन तासांत घरातल्या सगळ्यांचे फोन दुसऱ्या खोलीत असावेत, आणि यात आईवडिलांचेही आले. आपण निवडलेला चित्रपट ताईने किंवा दादाने पाहिला की नाही, हे धाकट्या मुलाला अगदी बारकाईने कळते. माझा मुलगा विनोदाच्या जागी आधी पडद्याकडे आणि लगेच बहिणीच्या चेहऱ्याकडे पाहतो. ती हसली नाही तरी चालते, पण ती तेथे नसली तर त्याचा चित्रपट तेथेच संपतो.

कंटाळा खरोखरच असह्य असेल, तर थोरल्याला काहीतरी काम द्यावे. ॲनिमेशनमध्ये पाणी आणि केस कसे काढले आहेत, एखादा प्रसंग किती तुकड्यांत चित्रित केला आहे, पार्श्वसंगीत कोठे थांबते, हे पाहायला सांगितले की तेरा-चौदा वर्षांचे मूल तोच चित्रपट वेगळ्या नजरेने पाहू लागते.

धाकटा सारखे प्रश्न विचारतो, त्यामुळे भांडण होते.

प्रश्न विचारू द्यावेत, मात्र ते कुजबुजत आणि एका वेळी एकच. उत्तर थोरल्या भावंडानेच द्यावे. ‘तो आता का रडतोय?’ या प्रश्नाचे उत्तर सहा वर्षांच्या मुलाला समजेल अशा एका वाक्यात देताना थोरल्यालाही तो प्रसंग नीट समजून घ्यावा लागतो.

एकच चित्रपट पुन्हा पुन्हा मागितला जातो. नाही म्हणावे का?

तीन नावांत एक जुने नाव चालेल, असे ठरवावे. लहान मुलांना पुढचे वाक्य आपल्याला येते, याचाच आनंद असतो, आणि तो हिरावून घेऊ नये.

परभाषेतील चित्रपट डब केलेला पाहावा की सबटायटलसह?

दोघांनाही वाचता येत असेल, तर मूळ आवाज आणि सबटायटल. धाकट्याला वाचता येत नसेल, तर डब केलेला पाहावा, किंवा थोरल्याने सबटायटल मोठ्याने वाचून दाखवावीत. दुसरा मार्ग दमवणारा वाटतो, पण कमी संवादांच्या चित्रपटाला तो फार छान जमतो. मुलीने इंग्रजी सबटायटलचे मराठी करत सलग दीड तास भावाला एक इराणी चित्रपट ‘सांगितला’ होता. मध्येच तिचा घसा बसला, तेव्हा पाण्याचा तांब्या त्याने स्वतः उठून आणून दिला.

भावंडांवरचे कोणते चित्रपट सुचवाल?

वर उल्लेख केलेला इराणी चित्रपट म्हणजे माजिद माजिदी यांचा 1997 चा ‘चिल्ड्रन ऑफ हेवन’. बहिणीचे दुरुस्त करून आणलेले बूट भावाकडून हरवतात, घरी सांगण्याची सोय नसते, आणि मग सकाळच्या शाळेला ती व दुपारच्या शाळेला तो, असे एकच जोड दोघे वापरतात. ती शाळा सुटताच धावत गल्लीत येते, दोघे तेथेच बूट बदलतात आणि तो धावत सुटतो. दोन पाळ्यांत भरणाऱ्या शाळा आपल्याकडच्या मुलांना वेगळ्या समजावून सांगाव्या लागत नाहीत.

मराठीत परेश मोकाशी यांचा 2014 चा ‘एलिझाबेथ एकादशी’ अवश्य पाहावा. पंढरपूरची भावंडे, वडिलांनी बनवलेली सायकल, कर्ज, आणि ती सायकल विकली जाऊ नये म्हणून कार्तिकीच्या गर्दीत मुलांनी मांडलेले दुकान. यातली बहीण भावाची नुसती सोबतीण नाही, तिचे स्वतःचे म्हणणे आहे, आणि माझ्या मुलीला तो त्यासाठीच आवडला. उत्कृष्ट बालचित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्या वर्षी या चित्रपटाला आणि ‘काका मुट्टै’ या तमिळ चित्रपटाला विभागून मिळाला. तोही दोन भावांचाच आहे. चेन्नईच्या झोपडपट्टीत राहणाऱ्या या मुलांना एकदा पिझ्झा खाऊन पाहायचा असतो. हे दोन चित्रपट लागोपाठच्या दोन शनिवारी पाहावेत. पैसा, हौस आणि भावंडांतली एकी यांवर मुले आपणहून बोलू लागतात.

एक सावधगिरीची सूचना येथेच देतो. जपानच्या स्टुडिओ जिब्लीचे दोन चित्रपट 16 एप्रिल 1988 या एकाच दिवशी जोडीने प्रदर्शित झाले होते आणि दोन्ही भावंडांचेच आहेत. हायाओ मियाझाकी यांचा ‘माय नेबर टोटोरो’ खेड्यात राहायला आलेल्या दोन बहिणींचा आहे. आई रुग्णालयात असल्याची काळजी त्यात आहे, तरी पाच वर्षांच्या मुलालाही तो निर्धास्तपणे दाखवता येतो, आणि लांबी जेमतेम 86 मिनिटे आहे. इसाओ ताकाहाता यांचा ‘ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज’ युद्धकाळातल्या अनाथ भाऊ-बहिणीचा आहे आणि तो अतिशय दुःखद आहे. दोन्ही ॲनिमेशन आहेत, दोन्हींची चित्रे सुंदर आहेत, आणि केवळ तेवढ्यावरून दुसरा चित्रपट लहान मुलांसमोर लावणारे पालक मी पाहिले आहेत. तो मुलगी सोळा-सतरा वर्षांची झाल्यावर तिच्या राखीव संध्याकाळी पाहण्यासाठी मी बाजूला ठेवला आहे.

मध्यंतर घ्यावे का?

घ्यावे. हिंदी आणि मराठी चित्रपटांची रचनाच बहुधा मध्यंतर धरून केलेली असते, त्यामुळे थांबण्याची जागा आयती मिळते. परदेशी चित्रपटांत ती नसते, तेव्हा साधारण पाऊण तासाने एखादा प्रसंग संपताच थांबावे. आमच्या लहानपणी भाड्याने आणलेला चित्रपट दोन किंवा तीन व्हीसीडींवर येत असे, कारण एका तबकडीवर साधारण सव्वा तासाचेच चित्रण मावत असे. तबकडी बदलण्याचा मान माझ्या थोरल्या भावाचा होता आणि ती कडेने धरून फुंकर मारण्याचा माझा.

खायला कोरडे आणि आवाज न करणारे काहीतरी द्यावे. भडंग किंवा लाह्या प्रत्येकाच्या वेगळ्या वाटीत द्याव्यात. एका मोठ्या पातेल्यातून खायला दिले की लक्ष चित्रपटापेक्षा पातेल्याकडे राहते.

टीव्ही, आवाज आणि उजेड यांबद्दल काय काळजी घ्यावी?

43 इंची टीव्हीसमोर सहा ते आठ फुटांवर बसावे. खोलीत पूर्ण अंधार करू नये. टीव्हीच्या मागच्या बाजूला किंवा कोपऱ्यात एक मंद दिवा ठेवल्यास डोळ्यांना ताण कमी होतो आणि लहान मुलाला भीतीही कमी वाटते. संवाद पुटपुटल्यासारखे आणि मारामारी कानठळ्या बसवणारी वाटत असेल, तर बहुधा चित्रपटगृहासाठी केलेला सहा वाहिन्यांचा ध्वनी टीव्हीच्या दोन छोट्या स्पीकरांतून येत असतो. आवाजाच्या पर्यायांत ‘स्टिरिओ’ निवडावे आणि टीव्हीत संवाद ठळक करण्याची सोय असल्यास ती सुरू करावी. चित्र मालिकेसारखे गुळगुळीत आणि खोटे वाटत असेल, तर टीव्हीने मधल्या चौकटी (फ्रेम) स्वतः तयार करण्याची सोय चालू असते. चित्रपटासाठी ती बंद करावी.

आईवडिलांनी सोबत बसावे का?

पहिले वर्षभर बसावे. नंतर हाकेच्या अंतरावर राहावे आणि मुलांनी बोलावले तर जावे. आपण बसलो की दोघेही प्रत्येक तक्रार आपल्याकडे आणतात. आपण नसलो की ती एकमेकांशी बोलून सोडवतात.

भावंडे मोठी होऊन वेगवेगळ्या गावी किंवा देशी गेली, तर हे चालू ठेवता येते का?

येते, आणि ते मी स्वतः करतो. माझा भाऊ अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर राहतो. उन्हाळ्यात तेथील आणि आपल्या वेळेत साडेनऊ तासांचे आणि हिवाळ्यात साडेदहा तासांचे अंतर असते, म्हणून आमच्याकडे रविवारी सकाळचे साडेसात वाजतात तेव्हा त्याच्याकडे शनिवारी रात्रीचे दहा किंवा नऊ झालेले असतात. लंडनमध्ये भावंड असेल, तर आपल्या रात्री साडेआठला तेथे दुपारचे चार किंवा तीन वाजलेले असतात.

चित्रपट दोन्ही देशांत उपलब्ध आहे का, हे आधी पाहून घ्यावे, कारण एकाच ओटीटी सेवेवर देशागणिक यादी वेगळी असते. एकत्र पाहण्यासाठी वेगळे ॲप लागत नाही. फोन स्पीकरवर ठेवून दोघांनी चित्रपट पहिल्या चौकटीवर थांबवावा, एकाने तीन आकडे मोजावेत आणि तिसऱ्या आकड्याला दोघांनीही बटण दाबावे. एक-दोन सेकंदांचा फरक राहतो आणि पुढच्याचे हसू आधी ऐकू येते, म्हणून ज्याचे चित्र पुढे असेल त्याने क्षणभर थांबून जुळवून घ्यावे. आमच्याकडे नावे तीनच असतात, ती शुक्रवारी पाठवली जातात, आणि उचलण्याचा मान अजूनही धाकट्याचा, म्हणजे माझा आहे.